गॉवर स्ट्रीटच्या इस्पितळांतील कलह

शस्त्रक्रियेच्या वेदना इंग्लंडांतून कशा नाहींशा झाल्या, याचा इतिहास बहुधा एका तारखेवर उरकला जातो. ता. २१ डिसेंबर १८४६ रोजीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलांत रॉबर्ट लिस्टन यांनीं ईथर हुंगवून एका मनुष्याचा पाय मांडींतून कापला; रोग्यास कांहीं कळलें नाहीं; आणि तेव्हांपासून नवें युग सुरू झालें. पाठ्यपुस्तकास एवढें पुरतें. परंतु ह्याच इमारतींत, ह्या गोष्टीच्या बरोबर आठ वर्षें आधीं, टोचलें किंवा चिमटलें तरी रोग्यास समजूं नये अशी निद्रा आपण लावूं शकतों असें म्हणणाऱ्या एका डॉक्टरास आपली जागा सोडून जावें लागलें होतें. लिस्टन हे त्याचे सहकारी व प्रतिपक्षी. ईथरचा विजय झाला त्या दिवशीं लिस्टन यांना जो आनंद झाला, त्यांत रोग्याची सुटका झाल्याचा आनंद किती आणि त्या गेलेल्या सहकाऱ्याची जिरल्याचा किती, याची वांटणी करणें कठीण आहे. ह्या दोन प्रसंगांमधली हकीकत पुष्कळ ठिकाणीं हंसूं येण्यासारखी आहे, आणि आम्हीही हंसणार आहों. मात्र हे विद्वान् गृहस्थ एकमेकांचीं उणीं काढीत असतांना शेजारच्या दालनांत रोग्यांचे हातपाय धरून बसण्यासाठीं दणकट माणसें उभीं केलेलीं असत, ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी.

प्रथम स्थळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. लंडनचीं जुनीं इस्पितळें म्हणजे कांहीं मोजक्या घराण्यांचीं वतनें होतीं. काकाच्या मागून पुतण्या, गुरूच्या मागून त्याचा जांवई किंवा पैसे भरून राहिलेला शिष्य, असा तेथील जागांचा क्रम असे. शिवाय फिजिशियन आणि सर्जन ह्या दोन जातींमध्यें सोंवळेंओंवळें होतें. फिजिशियन म्हणजे लॅटिन जाणणारा पंडित. तो नाडी पाही आणि औषध लिहून देई. सर्जनचा धंदा १७४५ सालापर्यंत न्हाव्यांच्या धंद्याशीं एकाच मंडळींत बांधलेला होता. ती गांठ सुटून शंभर वर्षें होत आलीं तरी पंडितांच्या मनांतून वस्तऱ्याची आठवण गेली नव्हती. ह्या सर्वांतून मोकळें, धर्मपंथ न विचारतां सर्वांस शिकविणारें असें नवें विद्यापीठ गॉवर स्ट्रीटवर १८२८ मध्यें उघडलें, आणि त्याला जोडून १८३४ मध्यें इस्पितळ निघालें. जुन्या संस्थांस नवीन संस्थेची जी असूया वाटते ती ह्या इस्पितळाच्या वांट्यास पुरेपूर आली होती. त्यामुळें आपल्या घरांतलें भांडण बाहेर जाऊं नये अशी काळजी तेथील मंडळींस विशेष वाटावयास हवी होती. झालें मात्र उलट.

ह्या इस्पितळाचें भूषण म्हणजे डॉ. जॉन इलियट्सन. १७९१ चा जन्म. विद्यापीठांत १८३१ पासून वैद्यकाचे प्रोफेसर. व्याख्यानें अशीं कीं, दुसऱ्या इस्पितळांचे विद्यार्थी पैसे भरून येत. नवीन गोष्ट दिसली कीं ती हातीं घ्यावयाची, हा त्यांचा स्वभाव. छाती तपासण्याची नळी फ्रान्सांतून आली तेव्हां इंग्लंडांत ती वापरणाऱ्या पहिल्या कांहीं लोकांत ते होते, आणि त्या लांकडी नळीला कान लावून बसलेल्या ह्या गृहस्थांस पाहून त्यांचे समव्यवसायी मनसोक्त हंसले. गवताच्या परागांचा व उन्हाळ्यांतील शिंकांचा संबंध त्यांनीं ओळखला. क्विनाइन भरपूर प्रमाणांत द्यावें, असें त्यांचें मत होतें. फिजिशियन लोकांचा ठराविक पोषाख म्हणजे गुडघ्यापर्यंतची तंग विजार व काळे रेशमी मोजे; इलियट्सन यांनीं तो टाकून साधी पायघोळ विजार चढविली, आणि हा अपराध कित्येकांस नळीच्या अपराधाहून मोठा वाटला. अशा माणसाचा एक विशेष असा असतो कीं, दहादां लोक उगाच हंसले व आपण खरे ठरलों, म्हणजे अकराव्या वेळचें हंसणेंही तो आपल्या खरेपणाचा पुरावाच मानूं लागतो.

त्यांच्या समोर उभे होते रॉबर्ट लिस्टन. सहा फुटांहून उंच, मनगटाचे जबरदस्त, आवाजाचे मोठे, तोंडाचे फटकळ. गुंगी आणणारें औषध नाहीं अशा काळीं सर्जनची थोरवी वेगावर मोजीत, आणि वेगांत लिस्टन यांची बरोबरी करणारा कोणी नव्हता. सुरी हातीं घेतल्यावर ते जमलेल्या विद्यार्थ्यांस घड्याळें काढावयास सांगत, असें म्हणतात. (त्यांच्या एकाच शस्त्रक्रियेंत तीन माणसें मेल्याची जी गोष्ट चवीनें सांगितली जाते, तिला विश्वसनीय आधार नाहीं, ती सोडून द्यावी.) लिस्टन लंडनला आले तेच मुळीं भांडणाच्या वाटेनें. एडिंबरोमध्यें जेम्स साईम हे त्यांचे आधीं सहकारी व मित्र होते. मग दोघांचें असें बिनसलें कीं, १८२९ मध्यें साईम यांनीं तेथील मोठ्या इस्पितळांत जागा मागितली असतां, हे दोघे एका छपराखालीं आले तर रोग्यांसमोर तंटा होईल ह्या भीतीनें चालकांनीं ती नाकारली. साईम यांनींही कमाल केली. मिंटो हाऊस नांवाचा एक जुना वाडा घेऊन त्यांनीं आपलें निराळें इस्पितळच थाटलें. पुढें १८३३ मध्यें प्रोफेसरची जागा लिस्टन यांना न मिळतां साईम यांना मिळाली, आणि दुसऱ्याच वर्षीं लिस्टन यांनीं लंडनचा रस्ता धरला.

तिसरें पात्र डॉक्टर खरें, पण त्याचें शस्त्र लेखणी. टॉमस वॅक्ली यांनीं १८२३ मध्यें ‘लॅन्सेट’ साप्ताहिक काढलें आणि इस्पितळांतील वशिलेबाजीवर कोरडे ओढण्यास सुरुवात केली. १८२८ मध्यें गाय्ज हॉस्पिटलांत ब्रॅन्सबी कूपर यांनीं मूतखड्याची एक शस्त्रक्रिया केली. कसलेला हात जी पांचसात मिनिटांत करी, तिला जवळजवळ एक तास लागला, आणि रोगी दगावला. हे कूपर म्हणजे प्रख्यात सर ॲस्टले कूपर यांचे पुतणे! ‘लॅन्सेट’नें ती सगळी हकीकत नाटकाच्या अंकांसारखी छापली. कूपर यांनीं अब्रुनुकसानीचे दोन हजार पौंड मागितले. ज्यूरीनें शंभर दिले. असे हे वॅक्ली इलियट्सन यांचे स्नेही होते. इलियट्सन यांचीं व्याख्यानें तेच छापीत. पुढें जें घडलें त्याला शत्रूचा घाव म्हणतां येत नाहीं, म्हणूनच तो वर्मीं लागला.

आतां त्या विद्येकडे वळूं. आपल्याकडे मोहिनीविद्या ह्या नांवानें जिचे प्रयोग पुढें रंगभूमीवरही होऊं लागले, तिचा मूळ पुरस्कर्ता मेस्मर हा व्हिएन्नाचा डॉक्टर १७७८ मध्यें पॅरिसला आला. सर्व विश्वांत एक अतिसूक्ष्म चुंबकी द्रव भरलेला असून तो आपण हातवारे करून रोग्याच्या अंगांत सोडतों, असा त्याचा दावा होता. फ्रान्सच्या राजानें १७८४ मध्यें चौकशी-समिती नेमली. तींत बेंजामिन फ्रँकलिन होते, लाव्हाझिये होते, आणि ज्यांचें नांव पुढें एका यंत्रास चिकटलें ते डॉ. गिलोटिनही होते. मेस्मरचा शिष्य देस्लों याच्या हातून फ्रँकलिन यांच्या बागेंतील जर्दाळूचें एक झाड भारून घेण्यांत आलें आणि एका मुलाला डोळे बांधून चार झाडांपाशीं नेलें. मुलाची अवस्था उत्तरोत्तर बिघडत जाऊन चौथ्या झाडापाशीं तो मूर्च्छित पडला. दुर्दैवानें भारलेलें झाड ह्या चौघांत नव्हतेंच. देस्लों डगमगला नाहीं. उघड्यावरच्या सर्वच झाडांत थोडेंबहुत चुंबकत्व असतें, असें त्यानें उत्तर दिलें! समितीनें निकाल दिला तो असा कीं, चुंबकत्वावांचून नुसत्या कल्पनेनें झटके येतात. कल्पनेवांचून नुसत्या चुंबकत्वानें कांहींच होत नाहीं. पण ह्याच देस्लोंनें एक शहाणपणाचा प्रश्न विचारून ठेविला होता. कल्पनेनें जर रोगी बरा होत असेल, तर कल्पनेचीच चिकित्सा आपण कां करूं नये? ह्या प्रश्नाचें उत्तर समितीनें दिलें नाहीं, आणि पन्नास वर्षांनीं लंडनच्या डॉक्टरांनींही दिलें नाहीं.

१८३७ मध्यें बॅरन ड्यु पोते नांवाचे फ्रेंच गृहस्थ लंडनला आले आणि इलियट्सन यांनीं त्यांस आपल्या वॉर्डांत प्रयोग करूं दिले. लवकरच इलियट्सन स्वतःच हातवारे करूं लागले. त्यांच्या हाताखालीं एलिझाबेथ व जेन ओकी ह्या दोन बहिणी होत्या. दोघी लोकांच्या घरीं मोलकरणीचें काम करणाऱ्या, वयानें सोळासतराच्या आगेंमागें, फेंपऱ्याच्या झटक्यांसाठीं दाखल झालेल्या. एलिझाबेथला निद्रा लागली म्हणजे एरवीं खालीं मान घालून बोलणारी ही पोर बड्या लोकांसमोर वाटेल तें बरळे, त्यांच्या कपड्यांची चेष्टा करी, आणि टोचलें तरी हूं कीं चूं करीत नसे. ही कीर्ति पसरली तशी गर्दी वाढली. वॉर्ड पुरेना म्हणून इलियट्सन यांनीं प्रयोग इस्पितळाच्या व्याख्यानगृहांत हलविले. लॉर्ड आले, पार्लमेंटचे सभासद आले, डिकन्ससारखे लेखक आले. समाजाच्या अगदीं तळाची मुलगी अगदीं वरच्या माणसास उद्धटपणें बोलते आहे आणि तो मान डोलवून तें टिपून घेतो आहे, असा देखावा १८३८ च्या लंडनांत दुसऱ्या कोठें पाहावयास मिळाला नसता. भाविक म्हणत, शुद्धीवर असती तर असें बोलण्याची तिची छाती झाली असती काय? अभाविकही तेंच वाक्य उलट्या अर्थानें म्हणत.

सहकाऱ्यांस हें रुचेना. हा तमाशा संस्थेच्या नांवाला धक्का लावील, खरें असो वा खोटें असो, प्रयोग थांबवावे, अशी सूचना त्यांजकडून आली. संस्था सत्यशोधनासाठीं आहे, लोकांच्या मागून जाण्यासाठीं नाहीं, अशा आशयाचें उत्तर इलियट्सन यांनीं दिलें. उत्तर बाणेदार खरें. पण सत्यशोधनास पाहुण्यांची रांग कशाला लागते, हें त्यांनीं सांगितलें नाहीं.

एव्हांना इलियट्सन यांचें शास्त्र फारच बारीक होत चाललें होतें. मोहिनीचा प्रभाव कांहीं धातूंतून वाहतो व कांहींतून वाहत नाहीं, असें त्यांना आढळून आलें होतें. सोनें, चांदी, विशेषतः निकेल, हे उत्तम वाहक. शिसें अगदीं निरुपयोगी. भारलेल्या निकेलचा स्पर्श होतांच ओकीचें अंग ताठे, मान मागें जाई, दांतखीळ बसे; शिशानें कांहींच होत नसे. वॅक्लींनीं म्हटलें, आपण हें माझ्या घरीं करून पाहूं. ऑगस्ट १८३८ मध्यें, गॉवर स्ट्रीटच्या जवळच बेडफर्ड स्क्वेअरमधील त्यांच्या घरीं, कांहीं निवडक डॉक्टरांसमोर ही परीक्षा झाली. मुलीच्या डोळ्यांसमोर पुठ्ठ्याचा आडोसा धरला, म्हणजे तिला हात दिसूं नयेत. निकेलचा तुकडा वॅक्लींनीं गुपचूप एका मित्राच्या हवालीं केला. तो त्यानें आपल्या खिशांत घातला आणि तो दूर जाऊन उभा राहिला. वॅक्लींच्या हातीं उरलें तें शिसें. तें मुलीस लावलें. कांहीं झालें नाहीं. मग जवळ असलेल्या एका गृहस्थानें, मुलीस ऐकूं जाईल इतक्या हळू आवाजांत, निकेल फार जोरानें लावूं नका, सांभाळा, अशा अर्थाचे शब्द उच्चारले. आणि काय आश्चर्य! मुलीचा चेहरा लाल झाला, डोळे फिरले, अंग कमानीसारखें वांकलें. इलियट्सन यांचा आनंद गगनांत मावेना. निकेलवांचून दुसऱ्या कोणत्याही धातूनें असा परिणाम होणें नाहीं, हें त्यांनीं मोठ्यानें बोलूनही दाखविलें. वॅक्ली त्यांना बाजूस घेऊन गेले आणि निकेल कोठें आहे तें सांगितलें. खिशांतून तुकडा बाहेर आला.

पुढच्या परीक्षांतही हाच प्रकार झाला. भारलेलें पाणी पिऊन मुलगी जागी राही, साधें पिऊन झोपे; भारलेल्या नाण्यांनीं कांहीं होत नसे, न भारलेलीं नाणीं तिला खिळवून टाकीत. ह्याचेंही कांहीं समाधानकारक कारण निघेल, असें इलियट्सन म्हणत राहिले. जर्दाळूच्या झाडाखालचा देस्लों जणूं पुन्हां अवतरला होता. सप्टेंबरांत ‘लॅन्सेट’नें निकाल छापला कीं, मोहिनीविद्या संपली, ह्या मुली लुच्च्या आहेत आणि डॉक्टर भोळे आहेत.

वॅक्लींची परीक्षा उत्तम होती, याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. निकेलांतून कोणताही द्रव वाहत नाहीं, हें त्यांनीं एका दुपारीं कायमचें सिद्ध केलें, आणि डोळे बांधून परीक्षा घेण्याचा जो मार्ग पुढें औषधांच्या परीक्षेंत सर्वमान्य झाला, त्याचें हें एक सुरेख उदाहरण आहे. परंतु त्या खोलींत त्या दिवशीं आणखीही एक गोष्ट सिद्ध झाली होती. कोणी तरी कुजबुजलेल्या एका खोट्या शब्दानें एका मुलीचें सगळें शरीर पिळवटून निघालें होतें. ती सर्वस्वीं ढोंग करीत होती असें धरलें, तरी सुई टोचल्यावर न हलण्याचें ढोंग ज्या शक्तीच्या जोरावर करतां येतें, ती शक्ति काय आहे, हें शोधून काढणें डॉक्टरांचें काम नव्हतें काय? वॅक्ली म्हणाले लबाडी. इलियट्सन म्हणाले चुंबकत्व. आणि तो कुजबुजलेला शब्द दोघांच्या मध्यें पडून राहिला. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड यांनीं १८४१ पासून तो उचलला, त्या अवस्थेला ‘हिप्नॉटिझम’ हें नांव दिलें आणि द्रवाची कल्पना टाकून दिली. तेव्हां त्यांचें पहिलें स्वागत इलियट्सन यांनीं करावयास हवें होतें. पण इलियट्सन यांच्या गोटांत ब्रेड म्हणजे परक्या पंथाचा मनुष्य ठरला.

इस्पितळांतील शेवटचा अंक तर अगदींच विलक्षण आहे. एलिझाबेथला निद्रावस्थेंत रोग्यांचें भविष्य दिसतें, असें इलियट्सन मानूं लागले. संधिप्रकाशांत ते तिला पुरुषांच्या वॉर्डांतून फिरवूं लागले. एका खाटेपाशीं ती थरथर कांपली. तेथें ‘मोठा जॅकी’ बसलेला दिसतो, असें तिनें सांगितलें. मोठा जॅकी म्हणजे आपल्या भाषेंत यमदूतच. तो रोगी मेला. दुसऱ्या एका खाटेवर तिला ‘छोटा जॅकी’ दिसला होता. तो रोगी वांचला. ही बातमी वॉर्डांत पसरल्यावर रात्रीं अंथरुणांत पडून, ती मुलगी आपल्या खाटेजवळ थांबते कीं पुढें जाते, हें पाहत राहणाऱ्या रोग्यांची काय स्थिति झाली असेल! येथें मात्र आमची सहानुभूति पूर्णपणें इस्पितळाच्या चालकांकडे आहे. ता. २७ डिसेंबर १८३८ रोजीं विद्यापीठाच्या मंडळानें ठराव केला कीं, इस्पितळांत मोहिनीविद्येचे प्रयोग यापुढें होऊं नयेत अशी तजवीज करावी. इलियट्सन यांनीं ताबडतोब राजीनामा पाठवून दिला.

पण भांडण इमारतींतून गेलें तरी शहरांतून गेलें नाहीं. ता. १ ऑक्टोबर १८४२ रोजीं नॉटिंगहॅमशायर परगण्यांत जेम्स वोम्बेल नांवाच्या बेचाळीस वर्षांच्या मजुराचा पाय, टोपॅम नांवाच्या एका बॅरिस्टरनें त्यास मोहनिद्रा लावल्यावर, वॉर्ड नांवाच्या सर्जननें मांडींतून कापला. मजूर हळूहळू कण्हत होता. पण हलला नाहीं, आणि मला दुखलें नाहीं असें म्हणाला. ही हकीकत नोव्हेंबरांत लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीपुढें वाचली गेली. ज्या सभेचे इलियट्सन एका काळीं अध्यक्ष होते, तीच ही सभा. तेथें मार्शल हॉल उभे राहिले. मज्जातंतूंच्या प्रतिक्षिप्त क्रियेवर त्यांनीं केलेलें काम मोठें आहे. पण त्या दिवशीं त्यांना आपल्या बेडकांवांचून दुसरें कांहीं दिसेना. बेशुद्ध प्राण्याच्या एका पायास इजा केली तर दुसरा पाय आंखडतो. ह्या मजुराचा दुसरा पाय आंखडला नाहीं. अर्थात् तो शुद्धीवर होता आणि सोंग करीत होता! पाय कापला जात असतांना न हलणारा मनुष्य लबाड, कां तर तो बेडकासारखा वागला नाहीं. डॉ. कोपलंड यांनीं याहीपुढें मजल मारली. वेदना ही निसर्गाची शहाणपणाची योजना आहे, शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्यास दुखलेंच पाहिजे आणि त्यानें तो लवकर बरा होतो, असा त्यांचा अभिप्राय पडला. हा निबंध वाचल्याची नोंदसुद्धां सभेच्या दप्तरांत राहूं नये, अशी त्यांची खटपट होती. आठ वर्षांनीं, १८५० मध्यें, हॉल यांनीं पुन्हां त्याच सभेंत सांगितलें कीं, वोम्बेलनें दुखल्याचें कबूल केल्याचें आपण ऐकलें आहे. वोम्बेल जिवंत होता. हें सारें खोटें आहे, मला दुखलें नव्हतें, असें त्यानें सही करून लिहून दिलें. ह्या प्रकरणांत ज्याचा पाय गेला त्याला काय वाटलें, हें त्याला विचारण्याची बुद्धि किती उशिरां झाली पाहा!

ह्या विद्येचा खरा कस लागला तो आपल्या देशांत. हुगळी येथील सर्जन जेम्स एस्डेल यांनीं मोहनिद्रेचे प्रयोग डोळ्यांनीं कधीं पाहिले नव्हते; फक्त वाचले होते. ता. ४ एप्रिल १८४५ रोजीं तेथील तुरुंगाच्या इस्पितळांत अंडवृद्धीनें तळमळणाऱ्या एका हिंदु कैद्यावर त्यांनीं ते करून पाहिले, आणि त्यांच्याच सांगण्याप्रमाणें त्यांना स्वतःलाच नवल वाटलें. पुढें त्यांनीं प्रचंड गांठी काढल्या, अवयव कापले. अंधाऱ्या खोलींत तासन् तास हात फिरविण्याचें काम त्यांचे देशी मदतनीस करीत. बंगाल सरकारनें समिती नेमली आणि १८४६ च्या अखेरीस कलकत्त्यास एक लहानसें इस्पितळ एक वर्षाच्या परीक्षेसाठीं त्यांच्या स्वाधीन केलें. कलकत्त्याचे गोरे डॉक्टर म्हणाले, साहेबाला बरें वाटावें म्हणून हे लोक दुखत नाहीं असें दाखवितात. दहा दहा शेर वजनाची गांठ कापून घेतांना केवळ साहेबाच्या समाधानासाठीं निपचित पडून राहणारी प्रजा जगांत कोठें असेल, तर तिच्या राजनिष्ठेला तोड नाहीं! एस्डेल यांचे अहवाल इलियट्सन यांनीं आपल्या ‘झोइस्ट’ ह्या त्रैमासिकांत मोठ्या अभिमानानें छापले. पण त्या नियतकालिकांत छापलें गेलें एवढ्याचमुळें लंडनच्या डॉक्टरांच्या लेखीं त्यांची किंमत शून्य झाली. मोहनिद्रा सर्वांस लागते किंवा हवी तेव्हां लागते, असें आम्ही म्हणत नाहीं. ती बेभरंवशाची होती आणि वेळ फार खाई. परंतु कापतांना न दुखणें शक्य आहे, एवढी एक गोष्ट जरी इंग्लंडच्या सर्जनांनीं १८४२ मध्यें मानली असती, तर दुसरा खात्रीचा मार्ग शोधण्याची घाई त्यांना झाली असती. अमेरिकेंतल्या एका दंतवैद्याच्या पुढाकाराची वाट पाहत बसावें लागलें नसतें.

ती वाट १८४६ मध्यें संपली. ता. १६ ऑक्टोबर रोजीं बोस्टनच्या इस्पितळांत दंतवैद्य मॉर्टन यांनीं ईथर हुंगवून गुंगी आणून दाखविली. ती बातमी पत्रानें फ्रान्सिस बूट ह्या लंडनवासी अमेरिकन डॉक्टरांकडे आली. बूट राहत होते गॉवर स्ट्रीटवरच. ता. १९ डिसेंबर रोजीं त्यांच्या घरीं एका बाईचा दांत ईथरखालीं काढण्यांत आला. त्यांनीं तें लिस्टन यांस कळविलें. आणि सोमवारीं, ता. २१ रोजीं, इस्पितळाच्या शस्त्रक्रियागृहांत फ्रेडरिक चर्चिल नांवाचा छत्तीस वर्षांचा एक खानसामा टेबलावर घेतला गेला. त्याच्या गुडघ्यास असाध्य रोग झाला होता. औषधविक्रेते पीटर स्क्वायर यांनीं तयार केलेल्या कांचेच्या उपकरणांतून त्याला ईथर हुंगविलें. लिस्टन यांनीं अर्ध्या मिनिटाच्या आंत पाय वेगळा केला. थोड्या वेळानें चर्चिल डोळे उघडून विचारूं लागला, केव्हां सुरू करणार? मला परत न्या, माझ्यानें हें सोसवणार नाहीं! त्याला पायाचा उरलेला भाग दाखविला तेव्हां तो रडूं लागला.

अशा क्षणीं शस्त्रक्रियागृहांत कोणाच्याही तोंडून शब्द फुटूं नये. लिस्टन यांच्या तोंडून फुटला तो असा कीं, ह्या अमेरिकन युक्तीपुढें मोहिनीविद्या पार फिकी पडली. एडिंबरोचे प्रोफेसर मिलर यांना त्यांनीं घाईघाईनें पत्र लिहिलें. त्यांत मोहिनीविद्या व तिचे आचार्य यांना जबर तडाखा बसल्याबद्दल आनंद करावा, असा मजकूर होता. हजारों वर्षें मनुष्यजातीच्या मागें लागलेलें एक दुःख आपल्या हातून त्या दुपारीं दूर झालें, आणि ह्या थोर सर्जनला आधीं आठवले ते आठ वर्षांपूर्वीं राजीनामा देऊन गेलेले इलियट्सन! पण खोल पाहिलें तर ह्या उद्गारांत एक नकळत दिलेली कबुलीही आहे. मोहनिद्रेनें वेदना मुळींच थांबत नसत्या, तर तिच्याशीं ईथरची तुलना करण्याचें कारण काय होतें?

इलियट्सन यांनीं हार मानली नाहीं. त्याच वर्षीं रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें हार्वीच्या स्मरणार्थ होणारें वार्षिक व्याख्यान देण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. वॅक्लींनीं त्यावर आकाशपाताळ एक केलें. पण इलियट्सन यांनीं तें दिलेंच, आणि हार्वीसुद्धां एके काळीं हास्यास्पद ठरला होता याची सभेला आठवण दिली. ‘झोइस्ट’ १८५६ पर्यंत चाललें. थॅकरेचा जीव त्यांनीं एका दुखण्यांतून वांचविला, म्हणून त्यानें आपली ‘पेंडेनिस’ कादंबरी त्यांना अर्पण केली. १८६८ मध्यें ते वारले, ते विपन्नावस्थेंत, एका डॉक्टर मित्राच्या घरीं.

लिस्टन मात्र ईथरच्या विजयानंतर वर्षभरही जगले नाहींत. ता. ७ डिसेंबर १८४७ रोजीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, ते वारले. गॉवर स्ट्रीटवरील त्यांची जागा रिकामी झाली, आणि ती भरण्यासाठीं चालकांनीं एडिंबरोहून बोलावून आणलें तें जेम्स साईम यांना. १८४८ च्या आरंभीं साईम मोठ्या उत्साहानें आले. नवीन सहकाऱ्यांशीं त्यांचें पहिल्या कांहीं आठवड्यांतच वांकडें आलें, आणि वर्ष संपण्यापूर्वींच सामान बांधून ते एडिंबरोस परत गेले.